नेटिव्ह, इंडिजिनस, लोकल, एंडेमिक: चारही शब्द ‘स्थानिक’च का?

शब्दकोशात चौघांपुढे ‘स्थानिक’ लिहिलंय, मग कुठे कोणता वापरायचा, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. हा घोळ मी पोरांना संत्र्यावरून सांगतो.

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की ठेलेवाला ओरडतो, “लोकल माल आहे भाऊ, काटोलचा!” बरोबर आहे त्याचं. लोकल म्हणजे इथलं, जवळचं. मूळ कुठलं याची चौकशी नाही. पण हेच झाड नागपूरला नेटिव्ह नाही, भोसल्यांच्या काळात ते बाहेरून आणून लावलं. २०१४ साली नागपुरी संत्र्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी त्यानं जन्मस्थान बदलत नाही. पळस मात्र नेटिव्ह, कुणी न लावता माळावर उगवणारा. तरीही एंडेमिक नाही, कारण तो म्यानमार-थायलंडातही आहे. एंडेमिक म्हणजे इथेच, जगात दुसरीकडे कुठेच नाही. मेळघाटातला रानपिंगळा भारताबाहेर सापडत नाही, तसा. आजाराचं वेगळं बरं का. गडचिरोलीत मलेरिया एंडेमिक आहे म्हणजे तो तिथे ठाण मांडून बसलाय, एवढंच.

झाडापाखरांपुरते नेटिव्ह आणि इंडिजिनस जवळपास सारखेच. माणसांवर आलं की जपून. इंडिजिनस म्हणजे इतर लोक येण्याआधीपासून त्या भूमीवर असलेला समाज. आपल्याकडे गोंड. (या शब्दाचा ‘इंडिया’शी काही संबंध नाही, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘आत जन्मलेला’.) हे शहर १७०२ च्या सुमारास वसवलं तेच मुळी गोंड राजा बख्त बुलंद शाहनं. माझ्या तीन पिढ्या नागपूरच्या महाल भागात गेल्या, म्हणून मी इंडिजिनस ठरत नाही. नागपूरचा नेटिव्ह मात्र आहे, जन्मच इथला. पण ‘द नेटिव्ह्ज’ असं कुणाला म्हणू नका. साहेबाच्या तोंडी तो हिणवायचा शब्द होता आणि तो वास अजून गेलेला नाही.

आणि आपलं लाडकं ‘नेटिव्ह प्लेस’! आपण ‘गाव कोणतं?’ विचारतो, त्याचंच हे इंग्रजी सोंग. माझ्या एका विद्यार्थ्यानं परदेशी विद्यापीठाला लिहिलं, ‘माय नेटिव्ह इज वर्धा.’ तिकडून विचारणा आली, वर्धा ही तुमची मातृभाषा आहे का? ‘माय फॅमिली इज फ्रॉम वर्धा’ लिहिलं असतं तर भागलं असतं.