शेवटच्या पानावर बाप्तिस्मा हवाच का?

नाताळच्या अंकात मी लिहिलं होतं, "ख्रिस्ती कादंबऱ्या सुचवा म्हणणाऱ्यांनी आधी कुठली कादंबरी अर्धी टाकली ते कळवावं." एकतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात गेली. तेवढ्यात एक कळलं, की माणूस आवडीबद्दल थोडं सजवून बोलतो, नावडीबद्दल मात्र खरं सांगतो. पत्रं भरपूर आली. पाच निवडलीत.

मिरजेहून एक परिचारिका भगिनी लिहितात: "बाई, सव्वीस वर्षं नर्स आहे. भाची अमेरिकेतून ख्रिस्ती कादंबऱ्या पाठवते. सगळ्यांत एक विधवा, एक भला शेतकरी, टोपी बांधलेल्या बायका, आणि शेवटी कुणाचं तरी मन पालटतं. मी वॉर्डात माणसं जाताना बघते. विश्वास आहे माझा, पण ही पुस्तकं मला खोटी वाटतात. माझंच काही चुकतं का?"

तुमचं काही चुकत नाही. भाची प्रेमाने एकाच कप्प्यातली पुस्तकं पाठवते आहे, एवढंच. अमेरिकेत 'ख्रिश्चन फिक्शन' म्हणजे दुकानातलं वेगळं शेल्फ असतं, त्याचे प्रकाशक वेगळे, बक्षिसंही वेगळी. १९७९ साली जॅनेट ओक या कॅनडातल्या बाईंची 'लव्ह कम्स सॉफ्टली' खपली आणि हे शेल्फ भरायला लागलं. टोपीवाल्या बायका त्याच्या नंतरच्या. पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांवर, म्हणजे जुन्या चालीने साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथावर, बेव्हर्ली लुईस यांनी १९९७ मध्ये 'द शनिंग' लिहिली आणि मग टोप्यांची रांगच लागली. या शेल्फाचे अलिखित नियम आहेत: शिव्या नकोत, शयनगृहाचं दार बंद, आणि शेवट आशेचा. नियमांना माझी हरकत नाही. आपल्या महिला मंडळाच्या नाटकालाही हेच नियम असतात. पण आशा पानं मोजून येऊ लागली की तुमच्यासारखीला ती लगेच कळणार.

तुम्ही त्या शेल्फाच्या बाहेर या. मॅरिलिन रॉबिन्सन यांची 'गिलियड' घ्या. २००४ची आहे, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. 'अलीकडची' म्हणायला जरा जुनी, पण हिच्यापासून सुरुवात केली नाही तर पुढचं सगळं अधांतरी राहील. गिलियड म्हणजे आपल्या शास्त्रातलं, बायबलमधलं गिलाद, जिथे मलम नाही का म्हणून यिर्मया संदेष्टा विचारतो ते. इथे ते आयोवा राज्यातलं एक लहान गाव आहे. साल १९५६. शहात्तर वर्षांचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, जॉन एम्स. हृदय थकलंय. मुलगा जेमतेम सात वर्षांचा. तो मोठा झाल्यावर वाचेल म्हणून म्हातारा त्याला पत्र लिहितो, ते पत्र म्हणजे ही कादंबरी. घडत फारसं काही नाही, आधीच सांगते. माळ्यावर प्रवचनांची खोकी आहेत. म्हातारा हिशेब मांडतो: वर्षाला पन्नास, पंचेचाळीस वर्षं, म्हणजे २,२५० प्रवचनं, प्रत्येकी तीस पानं धरली तर साडेसदुसष्ट हजार पानं! आणि त्याला जे एक प्रवचन सगळ्यांत खरं वाटतं, ते त्याने कधी केलंच नाही. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इन्फ्लुएन्झाची साथ आली, पोरं मेली, तेव्हा लिहिलेलं ते प्रवचन त्याने आदल्या रात्री जाळून टाकलं. त्या पानावर मी थांबले आणि चहा करून आले. माझे वडीलही पाळक होते. त्यांची टिपणं आम्ही घर बदलताना पोत्यात भरून देऊन टाकली.

दुसरी, आणि ही तर तुमच्याचसाठी: अब्राहम वर्गीस यांची 'द कव्हनंट ऑफ वॉटर', २०२३. लेखक स्वतः डॉक्टर, मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले, आईवडील केरळचे. कथा १९००मध्ये सुरू होते. बारा वर्षांची मुलगी होडीतून सासरी निघते, नवरा चाळिशीतला, बिजवर. पुढे हीच घरादाराची 'बिग अम्माची' होते. त्या घरात प्रत्येक पिढीत कुणीतरी पाण्यात बुडून जातं, आणि तेही चहूकडे पाणीच पाणी असलेल्या केरळात. त्याचं कारण १९७७पर्यंत उलगडत जातं, आणि ते मी इथे फोडणार नाही. कुष्ठरोग्यांचं आश्रमस्थान आहे, शस्त्रक्रिया आहेत, त्या लिहिणाऱ्याच्या हाताला खरोखर रक्त लागलेलं आहे हे तुम्हाला दोन ओळींत ओळखू येईल. आणि प्रार्थना आहे. अम्माची देवाशी बोलते ती आपल्या आज्या बोलायच्या तशी, म्हणजे थोडी तक्रार, थोडा हुकूम. सातशेहून जास्त पानं आहेत. डोळे दुखत असतील तर ऐका. लेखकानेच वाचलंय, तीसेक तासांचं आहे. मिरज–कोल्हापूर एसटीत महिन्याभरात संपेल.

श्रीरामपूरहून एका वाचकांनी विचारलंय: "माझ्या भावजयीचा मुलगा गेला, एकवीस वर्षांचा होता. दोन महिने झाले. तिला धीर येईल अशी कादंबरी सांगा."

भाऊ, आत्ता कुठलीच नका देऊ. हे मी चूक करून शिकले आहे. २००९ साली आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंची मुलगी गेली. मी त्यांना 'द शॅक' नेऊन दिली. विल्यम पॉल यंग यांची, २००७ची, तेव्हा जो तो तिच्याबद्दल बोलत होता. त्यात एका बापाची लहान मुलगी पळवून मारली जाते आणि पुढे एका झोपडीत त्याला देव भेटतो, पिता म्हणून एका कृष्णवर्णीय बाईच्या रूपात. मी स्वतः ती रडत रडत वाचली होती, म्हणून दिली. तिसऱ्या दिवशी पुस्तक परत. बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं, मुलगी हरवते त्याच्या जरा पुढे. बाई फक्त म्हणाल्या, "तुमचं पुस्तक." पुढची दोन वर्षं त्या माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलल्या नाहीत, आणि बरोबरच केलं त्यांनी. दुःखात असलेल्याला दुःखाचं पुस्तक आपण देतो ते बऱ्याचदा आपल्याला काय बोलावं सुचत नाही म्हणून. डबा न्या. वर्षभराने तिने स्वतःहून मागितलं तर मला कळवा.

छत्रपती संभाजीनगरहून एक वडील: "मुलगी सोळा वर्षांची. इंग्रजी माध्यम. तिच्या मैत्रिणीने 'रिडीमिंग लव्ह' दिली आहे. ख्रिस्ती कादंबरी म्हणून निर्धास्त राहावं का?"

निर्धास्त राहू नका, पण हिसकावूनही घेऊ नका. फ्रान्सिन रिव्हर्स यांची ही कादंबरी १९९१ची, २०२२मध्ये सिनेमा आल्यावर मुलींच्या हातात पुन्हा फिरू लागली. बायबलमधलं होशेयाचं पुस्तक आठवा: संदेष्टा आणि त्याची पळून पळून जाणारी बायको गोमेर. तीच गोष्ट सोन्याच्या शोधाने वेडावलेल्या १८५०च्या कॅलिफोर्नियात नेली आहे. नायिका लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली आहे, आणि त्या वयातला छळ पुस्तकात आहे, पडद्याआड नाही. सोळाव्या वर्षी झेपेल की नाही हे मुलगी बघून ठरवा. माझं खरं भांडण नायकाशी आहे. मायकेल इतका चांगला आहे की त्याला साधा डासही चावत नसावा. अशा नवऱ्याची वाट बघत बसल्या तर आमच्या पोरी म्हाताऱ्या होतील. आधी तुम्ही वाचा, मग दोघं बोला.

तिला आणखी काही द्यायचं असेल तर लिन ऑस्टिन यांची 'चेसिंग शॅडोज', २०२१. नाझींनी बळकावलेलं हॉलंड, शेतावर राहणारी आई लीना, तिची मुलगी आन्स, आणि निर्वासित ज्यू मुलगी मिरियम. दारावर थाप पडल्यावर कुणाला आत घ्यायचं आणि त्यासाठी खोटं बोलायचं का, हा प्रश्न आहे. दहा आज्ञा पाठ असलेल्या मुलीला हा प्रश्न पडायलाच हवा. किंवा अमांडा डाइक्स यांची 'हूज वेव्ज दीज आर', २०१९. मेनच्या किनाऱ्यावरचा एक माणूस युद्धात भाऊ गमावल्यावर कविता लिहितो, आणि ती वाचून देशभरातून लोक आपापल्या गेलेल्या माणसाच्या नावाने दगड पाठवायला लागतात. मधे थोडी गुळमट होते. दगड मात्र डोक्यातून जात नाहीत.

ठाण्याहून एक वाचक, थोडे बिचकत: "मी ख्रिस्ती नाही. चांगली कादंबरी वाचायला आवडते. यात मला प्रवचन ऐकावं लागेल का?"

बिचकू नका हो. प्रवचन मलाही रविवारी एकच पुरतं. रॉबिन्सनबाईंचीच 'जॅक', २०२०. गिलियडच्या दुसऱ्या पाळकांचा वाया गेलेला मुलगा, म्हणजे उधळ्या पुत्र, पण घरी परतायला धजत नसलेला. सेंट लुइसमध्ये त्याचं एका कृष्णवर्णीय शिक्षिकेवर प्रेम बसतं. ती बिशपची मुलगी. त्या काळात मिसुरी राज्यात असं लग्न कायद्यानेच गुन्हा. सुरुवातीलाच दोघं रात्रभर दफनभूमीत अडकतात, फाटक बंद, आणि अंधारात नुसती बोलत राहतात. पन्नासहून जास्त पानं नुसतं बोलणं, पण मला एकही कमी करावंसं वाटलं नाही. जॅकचा देवावर विश्वास आहे असं म्हणता येत नाही, मात्र देवाने त्याला सोडलंय असंही पुस्तक म्हणू देत नाही. आणि हे 'तिकडचं' आहे असं समजू नका. आमच्या मंडळ्यांत जात विचारत नाहीत. फक्त "मूळ गाव कोणतं?" विचारतात, आणि उत्तर मिळालं की स्थळ पुढे सरकतं किंवा सरकत नाही.

जवळचं काही हवं असेल तर लिंडसे परेरा यांची 'गॉड्स अँड एन्ड्स', २०२१. मालाडचं ऑर्लेम, भाडेकरूंनी भरलेली एक जुनी इमारत, कॅथलिक कुटुंबं. दारू आहे, मारहाण आहे, भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं. कुणाचं मन पालटत नाही. वसई–बोरिवलीच्या काही वाचकांना ती बदनामी वाटेल. मला ती भिंतीला कान लावून, पण माया ठेवून लिहिलेली वाटली. जेसीबी पुरस्काराच्या शेवटच्या यादीत होती. हिला कुणी 'ख्रिस्ती कादंबरी' म्हणणार नाही. मी म्हणते.

सोलापूरहून पोस्टकार्ड: "मराठीत आहे का काही? एका ओळीत सांगा."

एका ओळीत नाही जमणार. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती 'यमुनापर्यटन', १८५७ची, बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाचीच. हिंदू विधवांच्या हालांवर आहे, आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. म्हणजे मिरजेच्या बाईंची तक्रार तेव्हापासूनची! तरी वाचा. केशवपनाच्या भीतीने अर्धमेल्या झालेल्या त्या बायका अजून बोलतात. नंतर मात्र आपला हात कादंबरीपेक्षा स्वतःची गोष्ट सांगण्यात जास्त चालला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कादंबरी नाही, हे मला माहीत आहे. पण १८९५मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर ती बाई वर्षानुवर्षं त्यापासून दूर राहिली, भांडली, हसली, आणि मग स्वतःच्या पायांनी आली. तो पालट खोटा वाटत नाही, कारण त्याला पाच वर्षं लागली आणि त्यात स्वयंपाकघर आहे.

जाता जाता माझं काम. रॉबिन्सनबाईंची 'होम' माझ्या घरून कुणीतरी नेली आहे. नगरचीच व्यक्ती असावी. पहिल्या पानावर माझी सही, आणि जॅकचे वडील, म्हातारे बॉटन, मुलाची वाट बघत बसतात तिथे पेन्सिलीने खुणा. उपासनेनंतर मागच्या बाकावर ठेवली तरी चालेल, मी वळून बघणार नाही.