पूलमधला दिवा बंद. पंचवीस हजारांची सूट घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वरूडजवळचं अकृषक जमिनीवरचं फार्महाऊस ३८ लाखांना ठरलंय, बँक ८० टक्के कर्ज देतेय. पूल २६ बाय १३ फुटांचा आहे आणि त्यातला दिवा लागत नाही. मालक म्हणतात, "पंचवीस हजार कमी करतो, दिव्याचं तुम्ही बघून घ्या."

ही सूट या रूपात घेऊ नका. किंमत २५ हजारांनी उतरली की ८० टक्क्यांच्या हिशोबाने कर्जही २० हजारांनी उतरतं. तुमच्या हातात राहतात फक्त ५ हजार. उरलेल्या २० हजारांचा फायदा हप्त्यात मिळतो. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर महिन्याला १७४ रुपये. दुरुस्तीला मात्र पैसे लगेच आणि रोख लागतील. मुद्रांक शुल्कातही काही वाचेलच असं नाही, कारण रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर शुल्क त्या मूल्यावरच लागतं.

शिवाय दिवा का बंद आहे हेच अजून कोणी पाहिलेलं नाही, मग पंचवीस हजार हा आकडा आला कुठून? चांगला १२ व्होल्टचा एलईडी दिवा ट्रान्सफॉर्मरसकट (२३० व्होल्टची वीज १२ वर आणणारं यंत्र) दहा हजारांच्या आत बसतो. पण वायरच्या पाइपात बिघाड असेल आणि पूलभोवतीची फरशी फोडावी लागली, तर खर्च अर्ध्या लाखाकडे सरकतो.

म्हणून जाणकार वायरमन घेऊन जा. आधी त्याने ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या टोकाला आणि मग जंक्शन बॉक्समध्ये (दिव्याची केबल जोडलेल्या पेटीत) व्होल्टेज मोजावं. बॉक्सपर्यंत १२ व्होल्ट येत असतील तर दोष दिव्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. बटण दाबताच आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर दोष २३० व्होल्टच्या बाजूला आहे. सगळ्यात वाईट म्हणजे ट्रान्सफॉर्मरच नसणं, थेट २३० व्होल्ट पाण्यातल्या दिव्याला जोडलेले असणं. तसं आढळलं तर पुरवठा मेनपासून बंद करायला लावा आणि नवी वायरिंग व अर्थिंग होईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. इथे घासाघीस करायची नाही.

दिवा काढायला सहसा पूल रिकामा करावा लागत नाही. वीज बंद करून वरचा स्क्रू काढला की दिवा खोबणीतून सुटतो. मागे गुंडाळून ठेवलेली जास्तीची केबल असते, तिच्यासकट तो काठावर घेता येतो. काचेच्या आत पाणी दिसलं तर गॅस्केट (पाणी अडवणारं रबर) गेलंय. केबल खराब असेल तर दिव्यापासून बॉक्सपर्यंत अखंड नवी ओढायची. पाण्याखाली जोड चालत नाही.

आता पाणी. दिव्यामागे केबलच्या पाइपाचं तोंड नीट बंद नसेल तर तिथूनच पूल गळतो. तपासायला बादली पुरते. ती पूलच्या पायरीवर ठेवा, आत पूलच्या पातळीइतकं पाणी भरा, आतून-बाहेरून खुणा करा. पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. उन्हाने दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरतं. बाहेरचं जास्त उतरलं तर गळती आहे. तुमच्या पूलमध्ये एक इंच म्हणजे जवळपास ८०० लिटर. रोज अर्धा इंच गळालं तरी महिन्याला १२ हजार लिटर, म्हणजे पाच हजारी टँकर दोन-अडीच. वरूडकडे बोरचं पाणी किती खोल गेलंय हे तुम्हाला सांगायला नको. पाणी दिव्याच्या पातळीला येऊन थांबत असेल तर पाण्याखाली घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुटीने पाइपाचं तोंड बंद करता येतं, खर्च किरकोळ. त्याच्याही खाली उतरत राहिलं तर भिंतीत किंवा तळात तडा असू शकतो; तेव्हा दुरुस्तीचा लेखी अंदाज हातात येईपर्यंत पुढचा पैसा देऊ नका.

मालकाला सांगा, सूट नको, खरेदीखताआधी दुरुस्ती करून द्या. इसारपावतीत लिहून घ्या: दिवा १२ व्होल्टवर चालू, आरसीसीबी व अर्थिंग तपासलेलं, बादलीच्या चाचणीत गळती नाही, तोवर तुमच्या हिश्श्यातले ५० हजार बाकी राहतील. खरेदीखतानंतर रोखून धरू म्हणाल तर जमणार नाही, कारण बँक आधी तुमचा हिस्सा भरल्याची पावती मागते आणि मगच कर्ज सोडते. इसार चेकने किंवा ऑनलाइनच द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती दिव्यापेक्षा मोठी वाटते. फिल्टरचा पंप आणि हा दिवा शेतीपंपाच्या कनेक्शनवर तर नाहीत ना? फार्महाऊस म्हटलं की ही शंका येतेच. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून हे कळलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. घराच्या मीटरवर १ एचपीचा पंप रोज सहा तास चालला तर महिन्याला साधारण १८० युनिट जातात. मालकाकडून वर्षभराची घराची बिलं मागा, तेवढं युनिट त्यात दिसतंय का बघा. तिथे असतानाच पंप चालू करून कोणतं मीटर फिरतं तेही पाहा, आणि खरेदीच्या तारखेपर्यंतची सगळी वीज थकबाकी व आकारणी मालकाकडे, असं खरेदीखतात घाला.