याकिताते जापान ही ब्रेड बनवण्यावरची जपानी अॅनिमे मालिका सुरू करतोयस? मग हे वाच

अरे बघ बिनधास्त, पण 69 एपिसोड आहेत म्हणून घाबरू नकोस आणि एका वीकेंडला संपवायलाही जाऊ नकोस, रोज दोन बस झाले, नाहीतर तेच ते जोक वाटायला लागतात.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- कुकिंग शो समजून बघतात. हिरो काझुमाचे हात जन्मजात गरम म्हणून पीठ लवकर फुगतं, इथपर्यंत ठीक आहे, यीस्टला ऊब लागतेच. पण बेकरीच्या प्रवेश परीक्षेतला तो 324 थरांचा क्रॉसाँ बघून लगेच मैदा मळायला घेऊ नकोस. करायचाच तर राइस कुकरमधला ब्रेड कर, तो खरंच जमतो.
- पहिल्या दोन एपिसोडवर सोडून देतात. पँटासिया या बेकरी कंपनीची नवोदितांची स्पर्धा सुरू होईपर्यंत थांब, खरी मजा तिथून. परीक्षक कुरोयानागी एक घास खातो आणि पुढे जे काय होतं ना, ते मी सांगणार नाही.
- सबटायटल वाचायचा कंटाळा करतात. निम्मे विनोद शब्दांवरच आहेत, पॉज करून वाच.

मोनॅको कप या ब्रेडच्या स्पर्धेनंतर गाडी जरा घसरते असं माझं मत, त्यावर तिथपर्यंत पोचलास की बोलू. आणि जेवून बस रे बाबा, उपाशीपोटी तर अजिबात नको.