सुरुंगरोधक गाड्या असूनही रस्त्यावरच्या आयईडी स्फोटांत एवढे जवान का जातात?

तुम्ही विचारलंय की सीआरपीएफमध्ये (केंद्रीय राखीव पोलीस दलात) असलेल्या धाकट्या भावाची छत्तीसगडमधल्या सुकम्याला बदली झाली आहे. दलाकडे सुरुंगरोधक गाड्या आहेत, तरी दर वर्षी आयईडीच्या, म्हणजे हाताने बनवून पुरून ठेवलेल्या बॉम्बच्या, स्फोटात जवान गेल्याची बातमी येते, हे कसं? मी याच दलातून निवृत्त झालो आणि नोकरीतला बराच काळ बस्तर-गडचिरोलीच्या पट्ट्यात काढला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाडीबद्दल. सुरुंगरोधक गाडीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, त्यामुळे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फेकला जातो. दक्षिण आफ्रिकेची कॅस्पिर अशीच होती. अमेरिकेने इराकमध्ये याच तत्त्वावरच्या गाड्या 2007पासून हजारोंनी उतरवल्या, कारण तिथे त्यांचे सर्वांत जास्त सैनिक रस्त्याकडेच्या बॉम्बनेच मरत होते. गाडीने जीव वाचतात, यात शंका नाही. पण तिची सहनशक्ती ठरलेली असते आणि ती समोरच्यालाही, म्हणजे माओवाद्यालाही, कळते. मग तो स्फोटकं वाढवतो. 13 मार्च 2018 रोजी सुकमा जिल्ह्यातच, किस्टारामजवळ, आमच्या 212 बटालियनची सुरुंगरोधक गाडी उडवली गेली. 9 जवान गेले. म्हणून अशा भागात वरिष्ठ शक्यतो पायीच चालायला लावतात.

खरा धोका वेगळाच आहे. आयईडी लावणाऱ्याला तुमच्या मागे धावावं लागत नाही. तुम्ही कुठून येणार एवढं त्याला कळलं की पुरे. आणि कळत नसेल तर तो तुम्हाला बोलावतो.

1 मे 2019, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कंत्राटदाराची वाहनं जाळली गेली. जाळपोळ झाली की पोलिसांना जावंच लागतं. शीघ्र कृती दलाचे 15 जवान खासगी गाडीतून निघाले आणि जांभुळखेड्याजवळ स्फोटात चालकासह सगळे गेले. पुढे 9 जून 2025 रोजी सुकमा जिल्ह्यात कोंट्याजवळ जाळलेलं यंत्र बघायला गेलेले अतिरिक्त पोलीस अधीक्षक आकाश राव गिरपुंजे स्फोटात शहीद झाले. मधे सहा वर्षं गेली, राज्य बदललं, पण सापळा तोच होता. जळालेलं वाहन तुम्हाला तिथवर आणण्यासाठीच जाळलेलं असू शकतं, हे प्रत्येक नव्या जवानाच्या मनावर पहिल्याच दिवशी बिंबवायला हवं, असं मी नोकरीत असतानाही सांगत होतो.

दुसरी घातक वेळ म्हणजे परतीची. 26 एप्रिल 2023 रोजी दंतेवाड्यात अरणपूरला डीआरजीचे (छत्तीसगड पोलिसांच्या जिल्हा राखीव दलाचे) 10 जवान आणि चालक गेले. 6 जानेवारी 2025 रोजी बिजापूरमध्ये कुटरूजवळ 8 जवान आणि चालक. दोन्ही तुकड्या मोहिमेवरून परतत होत्या, दोन्ही साध्या गाड्यांत. बाहेरून वाचणाऱ्याला हा हलगर्जीपणा वाटतो. पण दिवस-रात्र जंगल तुडवून आलेल्या, पाण्याची बाटली संपलेल्या, पायाला फोड आलेल्या माणसाला डांबरी रस्ता दिसतो आणि समोर गाडी उभी असते. त्या क्षणी ‘कॅम्पपर्यंत चालतच जाऊ’ म्हणणारा कमांडर पोरांना नकोसा होतो. तरीही तो हवा असतो.

डांबरी रस्ता म्हणजे सुरक्षित, असंही नाही. अरणपूरला रस्त्याखाली बाजूने बोगदा खणून स्फोटकं ठेवली होती, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. वरचं डांबर जसंच्या तसं. मोऱ्या आणि छोटे पूल तर कायमचेच संशयित.

यावर उपाय म्हणजे आरओपी, रस्ता खुला करणारी तुकडी. तुमच्या भावाच्या वाट्याला हे काम नक्की येईल. पहाटे निघायचं, रस्ता सोडून दोन्ही बाजूंच्या झाडीतून चालायचं, ताजी उकरलेली माती, पाल्याखाली लपवलेली वायर, काल नसलेला दगड शोधायचा. सोबत डिटेक्टर आणि श्वान. डिटेक्टरला धातू कळतो, आणि म्हणून धातू कमीत कमी ठेवायचा प्रयत्न समोरून होतो. श्वानाचं नाक जास्त भरवशाचं, पण उन्हात तोही थकतो. सगळ्यात अवघड असतं ते रोज तोच रस्ता पहिल्यांदा बघितल्यासारखा बघणं. दलाची आयईडीसाठीची खास संस्था पुण्याजवळ तळेगावला आहे. भावाला तिथल्या कोर्सची संधी आली तर त्याने ती सोडू नये.

आता एक नवी गोष्ट. जवान पायी चालू लागले तसे पायवाटेवर दाबाने फुटणारे छोटे आयईडी वाढले. यांना बटण दाबणारा लागत नाही, त्यामुळे समोर जवान आहे की तेंदूपत्ता तोडायला निघालेली बाई, हे बघणारंही कोणी नसतं. बिजापूर-सुकम्याकडे गावकरी आणि गुरं यात मेली आहेत. ऑक्टोबर 2025मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, त्याचा आनंद मलाही झाला. पण पुरलेला आयईडी शरण येत नाही. तो शोधून काढेपर्यंत तिथेच असतो, आणि हे काम पुढे बरीच वर्षं चालेल.

घरच्यांना करता येण्यासारखं एक आहे. भाऊ सुट्टीवर यायचा असेल तेव्हा ‘कधी निघतोस, कुठल्या रस्त्याने, कोणाच्या गाडीने’ असं फोनवर विचारू नका, आईलाही विचारू देऊ नका. कॅम्प सोडतानाची तारीख आणि वाट जितक्या कमी कानांवर जाईल तितकं बरं. रायपूर किंवा जगदलपूरला पोचला की तो स्वतःच फोन करेल.