खोकल्याचं औषध की केटामाइन: कमी धोक्याचं कोणतं?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, माझा रूममेट नशेसाठी केटामाइन, ते भुलीचं औषध, घेतो. मी फक्त खोकल्याचं औषध पितो, ते तर मेडिकलमध्ये मिळतं. म्हणजे माझं कमी धोक्याचं ना?" समुपदेशनाला आलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. त्याचे आईवडीलही हेच धरून बसले होते, 'सिरपच तर आहे.'

मी त्याला सॅकमधली बाटली काढून लेबल मोठ्यानं वाचायला लावलं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, क्लोरफेनिरामिन, फेनिलएफ्रिन. धुंदीसाठी त्याला हवं होतं ते पहिलं. पण उरलेली दोन्ही तितक्याच पटीनं पोटात जात होती. एकानं झापड येते, दुसऱ्यानं रक्तदाब चढतो. काही औषधांत पॅरासिटामॉलही असतं, आणि ते जास्त झालं तर यकृत निकामी होऊ शकतं. सुरुवातीला फारसं जाणवतही नाही.

"आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"एस्सिटालोप्राम. पण ती डॉक्टरांनीच दिलीय."

मला धस्स झालं. ही नैराश्य-चिंतेवरची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन, दोन्ही मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात. ते हाताबाहेर गेलं की थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण. जिवावरही बेतू शकतं. गोळी मात्र मनानं बंद करू नकोस, हे त्याला बजावलं आणि त्याच्यासमोरच त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला.

मग रूममेटचं बरं चाललंय का? अजिबात नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि केटामाइन, दोन्ही मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरला, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या एका जागेला, अडवतात, म्हणून आपण शरीराबाहेर आहोत असं वाटतं. केटामाइनचा अंमल लवकर उतरतो, आणि म्हणूनच पुन्हा घ्यावंसं वाटतं. खोकल्याच्या औषधाचा तासन्‌तास राहतो. काहींचं यकृत ते फार सावकाश पचवतं, त्यामुळे मित्राला झेपलं ते आपल्याला झेपेलच असं नाही. केटामाइन 1970 पासून भुलीसाठी वापरतात, पण तिथे श्वास आणि नाडी बघायला भूलतज्ज्ञ असतो. हॉस्टेलच्या खोलीत कोण असतं? नेहमी घेणाऱ्यांच्या मूत्राशयाचं अस्तर खराब होतं, सारखी लघवी, जळजळ, रक्त. वेळीच थांबलं तर बरंचसं सुधारतं. उशीर झाला तर मूत्राशय आकसतं.

हे ऐकताना तो एकदम म्हणाला, "तो रात्रभर बाथरूमला उठतो."

पुढच्या भेटीला तो रूममेटला घेऊनच आला. त्याला आधी यूरॉलॉजिस्टकडे पाठवलंय. समुपदेशन दोघांचंही सुरू आहे, वेगवेगळं. घरात असं कुणी असेल तर टेली मानस, 14416, या सरकारी हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं. बेशुद्धी, झटके किंवा खूप ताप असेल तर फोनवर बोलत बसू नका. 108 ला कॉल करा, आणि बाटली सोबत न्या.