फोटोत नसलेले मामा

चि. इरा हिस अनेक आशीर्वाद.

चवथीच्या जुन्या फोटोत आजी, शांताआत्या, मी, इतकेच काय, शेजारची मुलेही आहेत; मग गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधणारे मामा त्यात का नाहीत, असे तू परवा विचारलेस. "ते घरी गेले असतील," असे सांगून मी विषय संपवला. ते खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते.

मामा आमच्या गोव्यातल्या, फोंड्याकडच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, कामाला असत. ते गावडा समाजातले. साठी उलटल्यावरही ते पोफळीवर चढत आणि खाली न उतरता शेंडा झुलवून पुढची पोफळ धरत, तेव्हा आम्ही श्वास रोखून बघत असू. चवथीच्या आधी ते पहाटेच डोंगरात जात आणि कांगल्यांचे नारिंगी झुबके, तांबडी कवंडळे, वाजणाऱ्या घागऱ्या अशी रानफळे घेऊन येत. केवणीच्या झुडपाची साल सोलून ते मांडीवर दोर वळत, तेव्हा दुसरे टोक माझ्या हातात असे. ओली साल बुळबुळीत लागायची आणि सुटली की ते पुन्हा माझ्याच हातात देत. "सगळें काडूं नाका, फुडल्या वर्साक उरूं दी," हे वेलीजवळचे त्यांचे बोल मला अजून ऐकू येतात.

माटोळी बांधून झाली की ते निघत, कारण त्यांच्याही घरी चवथ असे. एरवी मात्र त्यांचे पान मागच्या पडवीत मांडले जाई. आजी त्यांना आग्रहाने वाढायची, खतखते दोनदा, नेवऱ्या घरच्या मुलांसाठी बांधून द्यायची. तिची माया खरी होती, हे मी आजही सांगेन. तरीही ते पान पडवीतच का, हे मी तिला कधी विचारले नाही आणि तू मात्र एका फोटोवरून विचारलेस. २००३ साली त्यांच्या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तेव्हा मामांचे चढणे थांबले होते. त्या बातमीवरही मी त्यांच्याशी बोललो नाही.

इथे टोरांटोत मी माटोळीला दुकानातली सफरचंदे सुतळीने बांधतो. तू ती बांधलीच पाहिजेस असे मुळीच नाही. फक्त तो फोटो एकदा मोठा करून बघ. डावीकडे नारळाच्या पेंडीवर केवणीची दुहेरी गाठ दिसते, ती मामांनी मारलेली आहे.

तुझा,
बाबा