पदरमोड करा, कर्ज काढू नका

प्रश्न : माझं वय 36. बारा वर्षं हिशेब विभागात नोकरी करतोय. आता आधुनिक इतिहासात एमए करायचंय. विषयही डोक्यात आहे, सुएझ कालवा आणि इजिप्तचं सरकारी कर्ज. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ. फी माझ्या पाच पगारांइतकी. नोकरी सोडावी लागेल. निवृत्तीची पुंजी आणि अडीअडचणीचा पैसा सोडून दहा पगारांइतकी शिल्लक आहे, कमी पडेल तेवढं शैक्षणिक कर्ज काढेन. पदवीनंतर पगार 30 टक्के वाढेल असं धरलंय. सध्या अर्धा पगार घरखर्चात जातो, 20 टक्के निवृत्तीसाठी टाकतो आणि आणखी 15 टक्के शिल्लक टाकतो. बायको नोकरी करते, मुलगी सात वर्षांची आहे. करू का?

उत्तर : एमए करा. नोकरी सोडून मात्र करू नका, आणि कर्ज काढून तर नाहीच नाही.

तुम्ही सगळा हिशेब पगारांत मांडलात हे मला फार आवडलं. मीही तसाच मांडते, म्हणजे कुठल्याही आकड्याचं वजन आपोआप कळतं. पगार म्हणजे महिन्याला हातात येणारी रक्कम.

फी पाच पगार, तेवढीच तुम्हाला दिसतेय. पण दोन वर्षं जे 24 पगार येणारच नाहीत, तेही याच पदवीच्या नावे पडतात. एकूण 29. आता तुमची 30 टक्के वाढ खरी धरली, तर वर्षाला 3.6 पगार जास्त मिळतील आणि गेलेले 29 भरून निघायला आठ वर्षं लागतील, तेही व्याज न धरता. बरं, हा 30 चा आकडा आणलात कुठून? पत्रात त्याचा काही आधार नाही. हिशेब विभागातल्या माणसाने आधुनिक इतिहासात एमए केलं म्हणून त्याच खुर्चीत त्याचा पगार वाढत नाही. या पदवीने वाटा उघडतात त्या अध्यापनाच्या, संशोधनाच्या, अभिलेखागारांच्या, संग्रहालयांच्या, संपादनाच्या. तिथे 38 व्या वर्षी तुम्ही पहिल्या पायरीवर उभे असाल. म्हणून त्या रकान्यात 30 खोडून शून्य लिहा. एखाद्या वर्षी कमीच मिळेल, हेही धरून ठेवा.

शून्य लिहिल्यावर हा व्यवहार गुंतवणूक राहत नाही, हौस होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, आणि ते आधी मोजलेलं बरं. मोजून केलेल्या हौसेला माझा कधीच विरोध नसतो. नव्या गाडीच्या हप्त्यांचं कोष्टक लोक माझ्याकडून हसत हसत करून घेतात आणि एमएचं नाव निघालं की स्वतःच अपराधी चेहरा करतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

तुमच्या कागदावर एक ओळ नव्हतीच. निवृत्तीसाठी तुम्ही दर महिन्याला पगाराचा 20 टक्के भाग टाकता. दोन वर्षं तो थांबला की 4.8 पगार कमी जमतील. महागाई वजा जाता 4 टक्के परतावा धरला, तर साठाव्या वर्षी हीच तूट आजच्या पैशात साधारण साडेअकरा पगारांची होते. जवळजवळ वर्षाची कमाई.

आता कर्ज. तुमच्या पत्राप्रमाणे अर्धा पगार घरखर्चात जातो. दोन वर्षांचे ते 12 आणि फीचे 5, असे 17 पगार लागतील. हाताशी 10. म्हणजे 7 पगारांचं कर्ज, तेही स्वतःवर एक पैसा खर्च केला नाही तर. (पुस्तकं? प्रवास?) व्याज 10 टक्के, पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी उचलली आणि शिकताना हप्ता नाही असं धरू. दोन वर्षांचं सरळव्याज मिळवून ते 8.4 होतं. पुढे पाच वर्षांत फेडायचं तर दरमहा आजच्या पगाराचे जवळपास 18 टक्के, एकूण 10.7 पगार. मुलगी चौदा वर्षांची होईपर्यंत.

आकड्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट खुपते. समजा, पदवीनंतर एखाद्या संग्रहालयात मनासारखं काम मिळालं, पण पगार आजच्याहून कमी. डोक्यावर 18 टक्के हप्ता असताना तुम्ही ते घेणार नाही. निमूट पुन्हा हिशेब विभागात जाल. ज्या कामासाठी कर्ज काढलं, ते काम कर्जापायीच सोडावं लागेल. तुम्हाला हे मी सांगावं असं नाही. इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव इस्माईल याने कर्जावर कर्ज काढत 1875 मध्ये सुएझ कंपनीतले आपले शेअर ब्रिटिश सरकारला सुमारे 40 लाख पौंडांना विकले. पुढच्याच वर्षी इजिप्तच्या तिजोरीवर परकी धनकोंची देखरेख बसली, 1879 मध्ये त्याची गादी गेली, 1882 मध्ये ब्रिटिश फौजा उतरल्या. तुमचा अख्खा विषयच हा आहे हो!

मग काय करायचं? हीच पदवी अर्धवेळ करता येते का ते बघा. बऱ्याच विद्यापीठांत तशी सोय असते, फक्त मुदत साधारण दुप्पट होते. पाच पगारांची फी 48 महिन्यांवर पसरली की महिन्याला पगाराच्या साडेदहा टक्क्यांच्या आत बसते. निवृत्तीचा हप्ता सोडून तुम्ही आणखी 15 टक्के शिल्लक टाकता असं लिहिलंय, त्यातूनच ही फी निघते. पदरमोड म्हणतात ती ही. अर्धवेळची फी दरवर्षी वाढते का आणि मध्ये एखादं सत्र सोडलं तर काय होतं, हे मात्र विद्यापीठाकडून लेखी घ्या. शिष्यवृत्त्या बहुधा पूर्णवेळ विद्यार्थ्यांना असतात, त्यांच्यावर हिशेब बांधू नका.

शेवटच्या वर्षी, लघुप्रबंधाच्या वेळी, तीन महिने बिनपगारी रजा मागा. या खर्चाबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिथेच माणसं फसतात. तुमची कागदपत्रं एका जागी नाहीत. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या फायली लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, कालवा कंपनीचं दप्तर फ्रान्समध्ये रूबे इथे. क्यूला स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत (वाचनकक्षात पेन नेता येत नाही, पेन्सिल चालते), त्यामुळे खर्च उरतो तो राहण्याचा आणि दिवसांचा.

माझ्या एका अशिलाने चाळिशीनंतर एमए केलं. अभिलेखागारात आठ दिवस बसून खातेवहीची शेकडो पानं मोबाईलमध्ये आणली. मला कौतुकाने दाखवत होते : शाईचे आकडे, समासात कुणाची तरी बारीक सही. मी सहज विचारलं, हे कुठल्या फायलीतलं? ते गप्प. फायलीच्या वेष्टनाचा, क्रमांकाचा एकही फोटो नव्हता, आणि क्रमांकाशिवाय संदर्भ देता येत नाही. पुन्हा जावं लागलं, पुन्हा तेवढाच खर्च. तेव्हापासून कुणी इतिहास शिकायला निघालं की प्रवासखर्च दुप्पट धरायचा, असा माझा नेम आहे. आणि दरवेळी गाठोडं सोडलं की आधी वेष्टनाचा फोटो.

तुमचा हा सगळा प्रवास दोन पगारांत होईल असं धरते. रजेच्या तीन महिन्यांचा घरखर्च दीड पगार, निवृत्तीचा हप्ता 0.6. एकूण 4.1. शिलकीतल्या दहांपैकी जवळजवळ सहा तशाच राहतात. पुढे पीएचडीचं वेड लागलंच, तर तेव्हा बोलू.

तुमच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. जमाखर्चाचं पान दिसलं की इतिहासाचे अनेक विद्यार्थी पान उलटतात, तुम्ही तिथेच थांबाल. आडकाठी एकच, भाषेची. कंपनीचं दप्तर फ्रेंचमध्ये आहे आणि पत्रात तुम्ही फ्रेंचचं नावही काढलेलं नाही. ती एमएच्या आत शिकून होणार नाही.

म्हणून अर्ज यंदा भरू नका. या महिन्यात फ्रेंचचा वर्ग लावा आणि फी त्याच 15 टक्क्यांतून द्या. कामावरून दमून आल्यावर आठवड्याचे तीन दिवस पुस्तक उघडलं जातं का, हेही त्यात कळेल, आणि अर्धवेळ एमएला नेमकं तेच लागतं. वर्षभराने कंपनीच्या वार्षिक अहवालाचं एखादं पान अडखळत का होईना वाचता आलं, की विद्यापीठाचं फीचं वेळापत्रक मला पाठवा. हप्ते बसवून देते.